वेग चोख, बिल मात्र तपासून घ्यावे
धरमपेठेतील आमच्या घरच्या या फायबर इंटरनेटच्या वेगाबद्दल, अगदी मे महिन्याच्या उन्हातही, तक्रार नाही. बिलिंगबद्दल मात्र आहे. ११ जूनला ६०० रुपयांचा मासिक प्लॅन बदलून ९०० रुपयांचा घेतला, म्हणजे जुन्याचे १० दिवसांचे २०० आणि नव्याचे २० दिवसांचे ६००, अशा ८०० रुपयांवर १८ टक्के जीएसटी धरून ९४४ रुपये व्हायला हवे होते. बिल आले १,०६२ रुपयांचे, कारण प्लॅन बदलल्याची तारीख बिलिंग प्रणालीपर्यंत पोहोचलीच नव्हती आणि नवा दर पूर्ण महिन्याला लागला होता. "काका, सिस्टीम असंच दाखवते," हे उत्तर (नम्रपणे दिलेले, हे मान्य) दोनदा ऐकल्यावर तिसऱ्या फोननंतर ११८ रुपये पुढील बिलात वळते झाले.