युरोरॅक पॉवर किट, आठ महिन्यांनंतर: बोर्ड चांगला, ग्राउंडची वायर दरिद्री

ट्रान्सफॉर्मर, ±१२ व्होल्टचा सप्लाय बोर्ड आणि दोन बसबोर्ड, सगळं चार हजारांच्या आत बसलं म्हणून माझ्या युरोरॅकसाठी (सुटे मॉड्यूल एका चौकटीत बसवून बनवलेला सिंथेसायझर) हे किट घेतलं. बसबोर्ड म्हणजे सप्लायची वीज सगळ्या मॉड्यूलना वाटणारी पट्टी. बोर्ड खरंच उत्तम आहे. तासन्‌तास चालवूनही रेग्युलेटरनं कधी त्रास दिला नाही. माझं भांडण एका वायरशी आहे.

सिक्वेन्सर (एकामागून एक व्होल्टेज पाठवून सूर ठरवणारं मॉड्यूल) याचे एक-दोन दिवे लागलेले असले की ऑसिलेटर (तो सूर काढणारं मॉड्यूल) सुरात, सगळे लागले की चढा. मी सांगलीचा, मिरजेत तंबोऱ्याची जवारी लावताना ऐकत मोठा झालोय, मला हे सहन होत नाही.

विक्रेत्याला कळवलं. उत्तर आलं, "सर, घरचं अर्थिंग चेक करा." डोकं फिरलं, पण मीटर लावला. फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ ९०च्या आसपास नाचतंय! सॉकेटची अर्थ वायर स्विचबोर्डात नुसतीच लोंबत होती. त्याच एक्स्टेंशनवरच्या लॅपटॉप अडॅप्टरची गळती सिंथच्या पत्र्यावर येत होती, म्हणून हाताला झिणझिण्या. वायरमनकाकांनी मीठ-कोळशाच्या खड्ड्यापर्यंत नवी वायर ओढली. झिणझिण्या गेल्या, स्पीकरमधली घरघरही गेली. पहिल्या महिन्यात मी 'किट घरघर करतं' असं लिहिलं होतं, ते मागे घेतो. (घरघर घालवायला प्लगची अर्थ पिन कापणारे लोक आहेत. कृपा करून कापू नका, जिवाशी खेळ आहे.)

सूर मात्र तसाच चढत राहिला. घरचं अर्थिंग वेगळं आणि सिंथचं शून्य (म्हणजे ग्राउंड, जिथून सगळे व्होल्ट मोजायचे) वेगळं, हे तेव्हा नीट कळलं.

एका व्होल्टला एक सप्तक, म्हणजे सा ते कोमल रे जेमतेम ८३ मिलिव्होल्ट. दोन बसबोर्डांच्या ग्राउंडमध्ये मीटर धरला: सगळे दिवे लागल्यावर ९ मिलिव्होल्ट. सुमारे ११ सेंट (सा ते कोमल रे म्हणजे १०० सेंट)! किटमध्ये दुसरा बसबोर्ड पहिल्याच्या शेपटीला जोडायला सांगितलाय, तोही एकाच बारीक वायरनं. सिक्वेन्सर त्या दुसऱ्या बसबोर्डावर, त्यामुळे दिव्यांचा सगळा परतीचा करंट तिच्यातून जातो आणि सिक्वेन्सरचं शून्यच वर उचललं जातं. युरोरॅक सुरू करणाऱ्या डोप्फर कंपनीच्या दहा पिनांच्या कनेक्टरमध्ये सहा पिना ग्राउंडला आहेत, त्या उगाच नाहीत. किटवाल्यांनी त्या सहांचा भार एका धाग्यावर टाकलाय.

घराच्या वायरिंगमधली उरलेली दीड एमएमची वायर माळ्यावर होती. दोन्ही बसबोर्डांपासून स्वतंत्र वायर सप्लायच्या एकाच ग्राउंड स्क्रूला नेली. फरक १ मिलिव्होल्टच्याही खाली आला. खर्च शून्य. चार हजार घेऊन दोन फूट जाड वायर देता येत नाही?

शिवाय बसबोर्डावरच्या हेडरला (केबल जिथे बसते त्या पिनांना) खाच नाही, म्हणजे केबल उलटीही बसते. केबलची लाल कड उणे १२ला लागते, आणि आपल्याकडे लाल म्हणजे प्लस. मी पहिल्याच दिवशी मार्करनं खूण केली, तुम्हीही करा.

वायर बदलून तीन आठवडे झाले. काल ऑसिलेटर अर्धा तास तापू दिले आणि तंबोऱ्याबरोबर सा धरला, दिवे सगळे लागलेले. सूर जागचा हलला नाही. मीटरचे फोटो विक्रेत्याला पाठवलेत, पुढच्या लॉटमध्ये जाड वायर घाला म्हणून. उत्तर अजून आलेलं नाही.