७४एचसी१४ सांगून ७४एचसी०४ गळ्यात मारतात, मधली आयसी तपासून घ्या

७४एचसी१४ ही आत आलेला सिग्नल उलटा करून देणारी छोटी चिप, म्हणजे आयसी. वर नामांकित कंपनीचं चिन्ह, नंबर, तारखेचा कोड, सगळं जागच्या जागी. आयसी टेस्टरवर लावली तर ‘पास’. आणि तरीही आत भलतीच चिप. पुण्यात माझ्या बाबतीत हे घडलंय आणि असा माल अजूनही फिरतोय, म्हणून सविस्तर लिहितोय. प्रोजेक्टसाठी सुटे भाग घेणाऱ्या मुलांनी आणि माझ्यासारख्या छोट्या पॅनेलवाल्यांनी जरूर वाचावं.

आमचं वर्कशॉप भोसरीत आहे. पॉवर प्रेसवर किती नग निघाले ते मोजणारे काउंटर आम्ही बनवतो. प्रेसच्या वर-खाली होणाऱ्या रॅमपाशी, दर फेरीला दाबला जाणारा लिमिट स्विच असतो. त्याचा कॉन्टॅक्ट एका झटक्यात बंद होत नाही, काही मिलिसेकंद थरथरतो. ती थरथर तशीच पुढे गेली तर काउंटर एका नगाचे चार-पाच मोजेल. म्हणून मध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाकतो. थरथर त्यात जिरते, पण सिग्नल सावकाश चढतो, सावकाश उतरतो.

खरी गोम इथेच आहे. साध्या इन्व्हर्टरला (सिग्नल उलटवणाऱ्या चिपला), म्हणजे ७४एचसी०४ ला, सावकाश सिग्नल चालत नाही. ४.५ व्होल्टवर इनपुटची कड, म्हणजे सिग्नलचा चढ किंवा उतार, ५०० नॅनोसेकंदांच्या आत जायला हवी, असं कंपनीचं माहितीपत्रक, म्हणजे डेटाशीटच सांगतं. आमची कड त्याच्या हजारो पट सावकाश. ०४ ला उंबरठा, म्हणजे आउटपुट पलटायची पातळी, एकच, साधारण निम्म्या सप्लायवर. सिग्नल तिथे रेंगाळला आणि शेजारच्या मोटरचा जरासा विजेचा नॉइज आला की आउटपुट खाली-वर उड्या मारतं. ७४एचसी१४ मध्ये श्मिट ट्रिगर असल्यामुळे उंबरठे दोन. ५ व्होल्ट सप्लायवर चढताना सुमारे २.७ ला पलटणार, उतरताना सुमारे १.७ ला. मधल्या एका व्होल्टात नॉइज गिळला जातो. ऑटो श्मिट यांनी १९३८ साली हे सर्किट प्रसिद्ध केलं तेव्हा ते जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हवर चालायचं. आज तेच काम काही रुपयांची चिप करते, आणि आमचं अख्खं काउंटर तिच्या भरवशावर उभं असतं.

२०२१ ची चिपटंचाई आठवत असेल. नेहमीच्या वितरकाकडे साध्या लॉजिक चिपसाठीसुद्धा महिनोन्महिने थांबा म्हणत होते. तपकीर गल्लीतले, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातले, आमचे जुने दुकानदारही हात वर करून मोकळे झाले, आणि ते खरंच बोलत होते. त्याच सुमारास ओळखीतून एका एजंटचा नंबर मिळाला. ‘सरप्लस माल आहे दादा, ओरिजिनल. आधी सॅम्पल घ्या, लावून बघा, मग बोलू.’ सॅम्पल आम्ही बोर्डावर लावून पाहिलं, उत्तम चाललं. मग आयसी ज्यात भरून येतात त्या प्लास्टिकच्या नळ्या मागवल्या. एका नळीत २५ आयसी. माल द्यायला आला तेव्हा तो स्वतःचा टेस्टर घेऊन आला होता. आमच्यासमोर दोन्ही टोकांच्या आयसी काढून लावल्या. पास, पास, पास. बिलाचं विचारलं तर म्हणाला, ‘सध्या कच्चं घ्या, पक्कं पाठवतो.’ ते बिल आजतागायत आलेलं नाही.

बोर्ड भरले, बाकावर बटण दाबून तपासले, ठीक वाटले, गिऱ्हाइकांकडे गेले. बाकावर सप्लाय स्वच्छ असतो, त्यामुळे तिथे काही कळलं नाही.

पुढे एका प्रेसशॉपमधून फोन आला. काउंटर ९०० च्या वर आणि पेटीत नग ८०० सुद्धा नाहीत. त्या शॉपमध्ये ऑपरेटरला नगावर पैसे मिळतात. मालकाला वाटलं, पोरं पैशासाठी हातानेच लिमिट स्विच दाबतायत. एका ऑपरेटरचे त्या आठवड्याचे पैसे अडवले होते. वीस-बावीस वर्षांचा पोरगा, आमच्यासमोर शपथा घेत होता. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त राग याचा येतो. खोटी चिप विकणाऱ्याने कमावले किरकोळ, आणि चोर ठरला तो दिवसभर प्रेसवर उभा राहणारा माणूस.

सिग्नल पडद्यावर दाखवणारा स्कोप लावला आणि दिसलं, की एका स्ट्रोकला आउटपुट तीन-चारदा हलतंय. आयसी काढून वरच्या बाजूवर ॲसिटोनचा बोळा घासला. काळा थर बोळ्यावर उतरला आणि खाली पुसट जुना नंबर दिसायला लागला: ०४. मग पूर्ण लॉट तपासला. नळ्यांच्या दोन्ही टोकांना खऱ्या १४, मधल्या बहुतेक सगळ्या ०४. मालकाला सगळं दाखवलं, त्या मुलाचे पैसे आमच्यासमोर देववले आणि सगळे बोर्ड बदलून दिले. एजंट आधी म्हणाला, ‘तुमच्या सर्किटमध्येच लोचा असेल, आयसी तर टेस्टरवर पास आहे.’ नंतर फोन उचलणंच बंद केलं.

टेस्टरवर पास होणारच. ०४ आणि १४ चे पाय सारखे: १४ नंबरच्या पायाला सप्लाय, ७ नंबरच्या पायाला ग्राउंड, आत सहा इन्व्हर्टर. टेस्टर इनपुटला शून्य व्होल्ट देतो आणि पाच देतो, आउटपुट उलटं आलं की खूश. दोन उंबरठे आहेत का, हे तो विचारतच नाही. हीच चलाखी श्मिट ट्रिगरवाल्या इतर चिपच्या जागी साधी चिप देऊनही करता येते: ७४एचसी१३२ च्या जागी ७४एचसी००, ४०९३ च्या जागी ४०११ आणि ४०१०६ च्या जागी ४०६९. प्रत्येक जोडीचे पाय जुळतात.

म्हणून विकणाऱ्याचा टेस्टर बाजूला ठेवा आणि ब्रेडबोर्डवर हे करा. एका गेटच्या (आतल्या सहांपैकी एका इन्व्हर्टरच्या) आउटपुटपासून त्याच गेटच्या इनपुटला १०० किलोओहम, इनपुटपासून ग्राउंडला १० मायक्रोफॅरड, आउटपुटला रेझिस्टर घालून एलईडी. ५ व्होल्ट द्या आणि उरलेल्या पाच गेटची इनपुट ग्राउंडला बांधा. खरी १४ असेल तर एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकेल. ०४ असेल तर ही संथ लुकलुक येणारच नाही. नळीच्या मधल्या आयसी काढून तपासा, टोकाच्या नकोत. ॲसिटोनने छपाई गेली नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, लेझरने नंबर कोरलेला डुप्लिकेट मालही असतो. वरची आणि खालची बाजू भिंगाखाली सारखी खरखरीत दिसते का बघा, पायांवर जुनं सोल्डर आहे का बघा.

‘एचसी नाही, एचसीटी घ्या, सेमच आहे’ असं कुणी म्हणालं तर तेही मान्य करू नका. ७४एचसीटी१४ चे उंबरठे बरेच खाली असतात आणि दोघांमधलं अंतर जेमतेम अर्ध्या व्होल्टाचं. ७४एलएस१४ चं इनपुट स्वतःच करंट बाहेर सोडतं, त्यामुळे मोठे रेझिस्टर लावलेल्या सर्किटमध्ये तो बसत नाही. १२ व्होल्टवर चालवायचं असेल तर ४०१०६ घ्या, एचसी१४ ची मर्यादा ६ व्होल्टांची.

पक्क्या बिलाशिवाय पुढे काही करणं फार अवघड जातं, हे आम्हाला वकिलाने सांगितलं. ग्राहक कायदा व्यापारी खरेदीला लागू होत नाही, पण केवळ पोट भरण्यासाठी स्वतः धंदा करणारा २०१९ च्या कायद्यात ग्राहक म्हणून बसू शकतो. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून घ्या. बिलावर नुसतं ‘आयसी’ नको, पूर्ण पार्ट नंबर आणि कंपनीचं नाव लिहून घ्या. सॅम्पलमधली एक आयसीही न वापरता जपून ठेवा, लॉट आल्यावर शेजारी ठेवून ताडून बघता येते.