संस्कृत ग्रंथांचं सॉफ्टवेअर: ‘तंतोतंत शोध’ आणि सापडेना झालेला अधर्म

‘कृपया शब्द श्लोकात आहे तसाच टाइप करावा.’ संस्कृत ग्रंथांच्या ॲपमध्ये शब्द शोधून सापडत नाही, अशी तक्रार केल्यावर ग्राहक सेवेकडून आलेलं हे उत्तर. अहो, श्लोकात कसा आहे ते पाठ असतं तर शोधायला कशाला बसले असते?

गीता, उपनिषदं, ऋग्वेद, भाष्यं, ऑफलाइन वाचन वगैरे जाहिरातीत आहेच, आणि ते सगळं नीट चालतं. मी वर्षाची वर्गणी भरली ती ‘तंतोतंत शोध’साठी, म्हणजे टाइप केलेला शब्द ग्रंथात जिथं जिथं आहे तिथं शोधून देण्यासाठी, म्हणून बोलणार तेवढ्यावरच.

आमच्या गीतावर्गासाठी ‘अधर्म’ कुठं कुठं येतो ते काढायचं होतं. टाइप केलं, तर दोनच जागा. पहिल्या अध्यायातलं ‘अधर्माभिभवात्कृष्ण’ आणि अठराव्यातलं ‘अधर्मं धर्ममिति या’. चौथ्यातला, पोराटोरांना पाठ असलेला ‘अभ्युत्थानमधर्मस्य’ गायब! संधीत ‘म्’ आणि ‘अ’ मिळून ‘म’ होतो, सुटा ‘अ’ लिहिलाच जात नाही. सॉफ्टवेअर बिचारं ‘अ’ शोधत बसतं. ‘कृत्स्नमधर्मोऽभिभवत्युत’ आणि ‘धर्ममधर्मं च’ हेही असेच निसटले. ‘संग’ टाकलं तर ‘सङ्गोऽस्त्वकर्मणि’ येत नाही, कारण त्यांच्या पाठात ‘ङ्’ आहे. मराठी माणूस कीबोर्डवर ‘ङ’ कुठं हुडकणार?

मग भाचीनं सुचवलं की पाठ रोमन लिपीत करून शोध. तिथं प्रत्येक ‘अ’ वेगळा लिहिलेला असतो. शेवटचा स्वर सोडून ‘adharm’ टाकलं आणि निसटलेले सगळे हजर झाले. त्यांच्यासोबत ‘श्रेयान्स्वधर्मो विगुणः’ आणि ‘सर्वधर्मान्परित्यज्य’सुद्धा! ‘स्व’मधला ‘अ’ पुढच्या धर्माला चिकटला की स्वधर्माच्या पोटातूनही अधर्म निघतो. वर्गात हे सांगितलं तेव्हा हशा पिकला, पण यादी शेवटी हातानंच गाळावी लागली.

ऋग्वेदात तर सुरुवातीला याहून वाईट अवस्था. 1028 सूक्तांच्या संहितेत पहिल्याच ऋचेतलं ‘अग्निमीळे’ सापडेना. स्वरांच्या, म्हणजे वैदिक उच्चारातल्या चढउतारांच्या, आडव्या-उभ्या रेघा युनिकोडमध्ये स्वतंत्र खुणा असतात. डोळ्यांना त्या अक्षराच्या वर-खाली दिसतात, संगणकाला मात्र दोन अक्षरांच्या मध्ये. दिवाळीनंतरच्या अपडेटमध्ये ‘स्वर वगळा’ असं बटण आलं आणि हा घोळ मिटला. तेव्हापासून माझा राग बराच उतरलाय, हेही नोंदवते.

खरा आनंद दिला पदपाठाच्या टॅबनं. इतके दिवस मी तो उघडलाच नव्हता. शाकल्य या प्राचीन पंडितानं संहितेतला संधी सोडवून एकेक पद वेगळं केलेलं आहे: ‘अग्निम् । ईळे । पुरःऽहितम्’. तिथं शोधलं की ‘अग्निम्’ सुटा मिळतो, मागचं-पुढचं काही चिकटत नाही. ‘पुरोहितम्’ मात्र मिळत नाही, कारण समासाचे तुकडेही अवग्रहानं (‘ऽ’ या खुणेनं) तोडलेले. चालतं. शाकल्याशी भांडायला ग्राहक सेवा नाही.

मग गीतेला हे का नाही? पदच्छेद दिलेल्या छापील गीता ढिगानं मिळतात. तोच पदच्छेद शोधाला जोडला असता तर माझं काम झालं असतं. संस्कृतचे अभ्यासक ऑलिव्हर हेलविग यांचा ‘डिजिटल कॉर्पस ऑफ संस्कृत’ हा ग्रंथसंग्रह संधी सोडवून, रूपं मूळ शब्दाखाली लावून देतो, तोही फुकट. आणि इथं पैसे मोजून मी रोमन लिपीतल्या आडवाटेनं जायचं!

भाष्यं वाचायला ॲप घेत असाल तर बिनधास्त घ्या, अक्षर सुबक आहे आणि जाहिराती नाहीत. मला ऋग्वेदापुरतं लागेल तेव्हा महिन्याची योजना घेईन, वर्षाचे पैसे पुन्हा नाही. आणि वर्गणीचं नूतनीकरण आपोआप होतं बरं का. ते बंद करायचं बटण ‘खाते’मध्ये नाही, ‘मदत’मध्ये अगदी तळाशी आहे.