विमानप्रवासात शाईपेन: सात महिन्यांच्या वापरानंतर

पिस्टनने शाई भरायचे हे पेन घेऊन आता सात महिने झाले. या काळात पुण्याहून दिल्लीला मुलीकडे माझे तीन वेळा जाणे-येणे झाले आणि सहाही उड्डाणांत ते माझ्या खिशात होते. त्याआधीचे ड्रॉपरने भरायचे पेन साताऱ्यात वर्षानुवर्षे बिनतक्रार चालले होते. पहिल्याच विमानप्रवासानंतर दिल्लीत उतरून टोपण काढले, तेव्हा मात्र बोटे आणि शर्टाची बाही निळी झाली. पेन बिघडले असे मी समजलो, पण तसे नव्हते.

शाई बाहेर येते ती आतल्या हवेमुळे. उड्डाणात विमानातला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या दाबाइतका असतो, त्यामुळे 560 मीटरवरच्या पुण्यात पेनात राहिलेली हवा पाव हिश्शापर्यंत फुगू शकते. आत दीड मिलिलिटर हवा असेल, तर सहा-सात थेंब शाई निबेकडे ढकलली जाते. जुन्या पेनात निबेखाली शाई पुरवणाऱ्या जिभेच्या खाचांना ती पेलवली नाही. दिल्ली पुण्याहून सखल असल्याने परतताना हा फुगवटा आणखी वाढतो.

खात्री करण्यासाठी दोन्ही पेने घेऊन मी मेढ्यामार्गे एसटीने महाबळेश्वरला गेलो. तेथे दुकानांत वेफर्सची पाकिटे टम्म फुगलेली दिसतात, तीही याच कारणाने. पिशवीत आडव्या ठेवलेल्या, अर्ध्या रिकाम्या जुन्या पेनाच्या टोपणात दोन थेंब सापडले; काठोकाठ भरलेले नवे पेन कोरडे होते.

पिस्टनचा खरा उपयोग येथेच आहे. एकदा शाई ओढून घेतली, की निब वर धरून पिस्टन हळूहळू उलटा फिरवायचा. आधी हवा निघते, मग निबेच्या छिद्राशी शाईचा बारीक बुडबुडा उमटतो. तेथे थांबून निब पुन्हा बाटलीत बुडवायची आणि पिस्टन शेवटपर्यंत ओढायचा. असे केले, की फुगायला आत हवाच जवळपास उरत नाही. पुढे प्रवासभर निब वरच असावी, म्हणजे उरलीसुरली हवा निबेलगत राहते आणि फुगली तरी शाईला न ढकलता बाहेर पडते. दुसऱ्या वेळी दिल्लीहून निघताना भरायचे राहिले आणि अर्धे पेन मी समोरच्या ट्रेवर आडवे ठेवले, तेव्हा टोपणात शाई आलीच. विमान वर चढत असताना टोपण उघडू नये, हेही त्याच दिवशी कळले.

तक्रारी दोन आहेत. शाई दिसण्याची खिडकी इतकी गडद आहे, की उजेडात धरल्याशिवाय किती उरली ते समजत नाही. चौथ्या महिन्यात पिस्टन जड झाला आणि सिलिकॉन ग्रीसचा अगदी हलका हात दिल्यावर सुरळीत झाला. 2,800 रुपयांच्या पेनाकडून इतक्या लवकर ही अपेक्षा नव्हती. जुने पेनही मी अजून सोबत नेतो, पण धुऊन, पूर्ण रिकामे करून.