‘लीडरशिप अँड मॅनेजमेंट’च्या नावाखाली माझ्या भावाला कसं फसवलं, ऑस्ट्रेलियाला निघालेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचाच

आमच्या गोव्यातल्या डिचोली-साखळी भागातली बरीच मुलं सध्या बाहेर जायच्या तयारीत आहेत. ज्यांचे कागद जमतात ते पोर्तुगीज पासपोर्ट करून जातात, ज्यांचे जमत नाहीत ते स्टुडंट व्हिसाचं बघतात, आणि या दुसऱ्या लोकांवर एजंट टपून बसलेत. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत जे झालं ते सगळं लिहितेय, कारण तोच एजंट आता दुसऱ्या नावाने परत ऑफिस थाटून बसलाय.

भाऊ कांदोळीच्या एका हॉटेलात किचनमध्ये कामाला होता. बाबांचे खाणीवर दोन ट्रक होते, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा एक विकला, २०१८ ला परत बंद झाल्या तेव्हा दुसरा. त्यामुळे घरात जे काही होतं ते म्हणजे बाबांची एफडी, आईचं सोनं आणि माझा पगार. भावाला कुकरीचाच कोर्स करायचा होता, हात चांगला आहे त्याचा, आणि ऑस्ट्रेलियात शेफला मागणी आहे हे त्याला तिथल्या मित्रांकडून माहीत होतं.

म्हापशातल्या त्या एजंटच्या ऑफिसात पहिल्याच दिवशी त्याला सांगितलं की कुकरीचं विसर, कुकरीचे सगळे व्हिसा रिजेक्ट होतायत, तू ‘डिप्लोमा ऑफ लीडरशिप अँड मॅनेजमेंट’ घे, एक वर्ष डिप्लोमा, पुढचं वर्ष ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, दोन वर्षांचं पॅकेज, म्हणजे दोन वर्षांचा वर्क व्हिसा आपोआप, मॅनेजरची नोकरी, मग पीआर, म्हणजे तिथे कायम राहायची परवानगी. आणि कुकरीच करायची असेल तर तिथे पोचल्यावर सहा महिन्यांत बदलून देतो, ती माझी जबाबदारी. बाबांना म्हणाला, “काका, पोराची लाईफ सेट झाली समजा.” मला म्हणाला, “बाय, तू भिऊ नको, माझ्या हातून शंभर पोरं गेली.”

यातलं एकेक वाक्य कसं खोटं होतं ते नीट सांगते, कारण हीच वाक्यं आज फोंड्यात, मडगावात, सगळीकडे ऐकवली जातायत.

कोर्स खोटा नाही, हे आधी सांगते. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यादीत तो बीएसबी ५०४२० या कोडने आहे, १२ युनिट, त्यातली ६ सक्तीची, टीम सांभाळणं, कामाचं नियोजन, भावनिक समज वगैरे. ॲडव्हान्स्डचा कोड बीएसबी ६०४२०, त्यात १० युनिट. मार्क नसतात, ‘कॉम्पिटंट’ किंवा ‘नॉट यट कॉम्पिटंट’ एवढंच. भावाला एक ट्रेनर मॅडम होत्या त्या मनापासून शिकवायच्या, किचनमध्ये सिनिअर माणूस चिडला तर त्याच्याशी कसं बोलायचं हे त्यांनी रोल प्ले करून घेतलं आणि ते आपल्याला खरंच उपयोगी पडलं असं तो सांगतो. जो माणूस आधीच सुपरवायझर आहे त्याला हा कोर्स चांगला. पण किचनमध्ये भाज्या कापण्यापासून सुरुवात केलेल्या मुलाला या कागदावर परदेशात कोणी मॅनेजर करणार नाही. आणि शिक्षणानंतरच्या वर्क व्हिसाचं म्हणाल तर व्होकेशनल कोर्सवाल्यांसाठी जो ४८५ व्हिसा आहे त्यात तुमचं शिक्षण सरकारच्या यादीतल्या एखाद्या पेशाशी जुळावं लागतं. शेफ त्या यादीत आहे. लीडरशिप अँड मॅनेजमेंट हा डिप्लोमा धड कुठल्याच पेशाशी जुळत नाही. म्हणजे ज्या कोर्सने थोडीफार वाट होती तो सोडायला लावला आणि ज्याने वाट नाही तो गळ्यात मारला, का तर कॉलेजकडून त्याला कमिशन होतं.

आता ते ‘सहा महिन्यांत बदलून देतो’. नियम असा की मुख्य कोर्सचे सहा महिने होईपर्यंत कॉलेजच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कॉलेजला जाता येत नाही. आणि पॅकेज असेल तर मुख्य कोर्स म्हणजे साधारणपणे शेवटचा कोर्स! म्हणजे भावाच्या बाबतीत आधी डिप्लोमाचं अख्खं वर्ष आणि वर ॲडव्हान्स्डचे सहा महिने. त्यात आणखी एक मेख आहे जी एजंट कधीच सांगत नाहीत. तिथल्या शिक्षणाच्या पायऱ्यांत डिप्लोमा लेव्हल ५, ॲडव्हान्स्ड लेव्हल ६. कुकरीचं सर्टिफिकेट थ्री लेव्हल ३ आणि किचन मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट फोर लेव्हल ४. ज्या लेव्हलसाठी व्हिसा मिळाला त्याच्या खाली उतरलात तर व्हिसाची ८२०२ नंबरची अट मोडते, व्हिसा रद्द होऊ शकतो. खाली यायचं तर आधी नवीन व्हिसा काढा. त्या व्हिसाची नुसती सरकारी फी १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाली. एवढा मोठा खड्डा समोर असताना त्याने पोराला हसत हसत पुढे ढकललं, याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

पैशाचं तर विचारू नका. कॉलेजची डिप्लोमाची फी ८,००० डॉलर, ती म्हणे व्हिसासाठी पूर्ण आधी भरावी लागते, म्हणून साडेचार लाख त्याने स्वतःच्या खात्यात घेतले, आम्ही कॉलेजला भरतो, तुम्हाला बँकेचा त्रास नको म्हणून. प्रत्यक्षात तिथला कायदा विद्यार्थ्याच्या बाजूने आहे, २५ आठवड्यांपेक्षा मोठा कोर्स असेल तर कोर्स सुरू व्हायच्या आधी अर्ध्याहून जास्त फी कॉलेज मागूच शकत नाही, विद्यार्थ्याने स्वतःहून भरली तर गोष्ट वेगळी. आमच्या कॉलेजने पहिला हप्ता फक्त २,००० डॉलर मागितला होता आणि तेवढाच त्याला पोचला. बाकीचे ६,००० एजंटच्या खिशात. हे आम्हाला कळू नये म्हणून त्याने ऑफर लेटरची फक्त पहिली आणि सहीची अशी दोनच पानं दिली, हप्त्यांचं वेळापत्रक मधल्या पानांवर होतं. आणि सीओई, म्हणजे कॉलेजचं ॲडमिशन पक्कं झाल्याचं पत्र, त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला तो खालून कापलेला. नंतर भावाने कॉलेजकडून मूळ मागवलं तर कापलेल्या भागातच छापलेलं होतं की आधी भरलेली फी किती, एकूण फी किती. कोणाच्याही एजंटने सीओईचा फोटो दिला तर पूर्ण पीडीएफ मागा आणि तो आकडा तुम्ही दिलेल्या पैशांशी ताडून बघा, तिथल्या तिथे कळतं.

व्हिसा फीचं प्रकरण तर त्याहून चीड आणणारं. आमचा अर्ज त्याने जून २०२४ च्या शेवटी भरला, तेव्हा फी ७१० डॉलर होती आणि ती आम्ही दिलेली होती. १ जुलै २०२४ ला ऑस्ट्रेलियाने फी एकदम १,६०० केली, पेपरात आलं. दुसऱ्याच दिवशी याचा फोन, फी वाढली, फरकाचे पन्नास हजार आजच्या आज टाका नाहीतर फाईल अडकेल. आईने बांगड्या गहाण टाकून दिले. आता, वाढलेली फी नवीन अर्जांना होती, आधी भरलेल्या अर्जाला एक पैसाही जास्त लागत नव्हता. पण इमीअकाउंट, म्हणजे व्हिसाच्या अर्जाचं सरकारी ऑनलाईन खातं, त्याने स्वतःच्या ईमेलवर उघडलेलं, पासवर्ड त्याच्याकडे, त्यामुळे अर्ज कधी भरला आणि किती फी गेली हे आम्हाला दिसतच नव्हतं. पुढे भावाने खूप भांडून लॉगिन मिळवलं तेव्हा पावती दिसली, तारीख जूनची आणि रक्कम ७१०. ती पावती हातात घेऊन आई बराच वेळ नुसती बसून होती.

एका ठिकाणी मात्र त्याचं चाललं नाही. तेव्हाच्या नियमाने एका वर्षाच्या राहण्या-खाण्यासाठी २९,७१० डॉलर दाखवावे लागत होते, वर फी आणि विमानभाडं. तो म्हणाला बँकेचं लोन चालत नाही, आम्ही तुमच्या खात्यात महिनाभर पैसे ठेवतो, त्याचे साठ हजार द्या. मी पतसंस्थेत काम करते, महिनाभरापुरते आलेले पैसे कागदावर कसे दिसतात ते मला माहीत आहे, मी साफ नाही म्हटलं आणि बँकेचं मंजूर झालेलं एज्युकेशन लोनच लावायला लावलं. चाललं की! बँकेचं लोन रीतसर चालतं. उलट खोटे कागद लावले आणि पकडले गेले तर तीन वर्षं व्हिसाला बंदी येऊ शकते.

तरी एक खोटं त्याने आमच्या नकळत घुसवलंच. मार्च २०२४ पासून अर्जात ‘जेन्युइन स्टुडंट’चे प्रश्न असतात, प्रत्येकाला १५० शब्दांत उत्तर द्यायचं, हाच कोर्स का, परत आल्यावर काय उपयोग वगैरे. त्याने भावाला न विचारता लिहून टाकलं की वडिलांचं कळंगुटला गेस्ट हाऊस आहे आणि ते सांभाळायला मी परत येणार. आमचं कळंगुटला पानाचं दुकानसुद्धा नाही. हे लॉगिन मिळाल्यावर वाचलं तेव्हा भावाचे हातपाय गार पडले, कारण अर्जाखाली नाव त्याचं आहे, एजंटचं कुठेच नाही.

भाऊ ऑक्टोबर २०२४ च्या बॅचला मेलबर्नला गेला. आठवड्याला २० तास क्लास, पंधरवड्याला ४८ तासच काम करायची परवानगी, त्यामुळे रेस्टॉरंटमध्ये मिळतं त्यात भाडं आणि खाणं कसंबसं सुटायचं. “फुल टाईम कर, कॅशमध्ये घे, कोण बघतो” असं एजंटने सांगितलेलं, ते त्याने केलं नाही, बरं झालं. नवीन वर्षात कॉलेजचा मेल आला की दुसरा हप्ता थकलाय. त्याला वाटलं काहीतरी घोळ आहे, सगळी फी तर भरलीय. एजंटला फोन केला तर हो हो बघतो, मग फोन उचलणं बंद, मग नंबरच बंद. मी म्हापशाला गेले तर शटर खाली, शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला तुमच्यासारखे रोज येतात.

फेब्रुवारीत ‘इंटेन्शन टू रिपोर्ट’ नोटीस आली. म्हणजे फी न भरल्याबद्दल आम्ही तुमची ॲडमिशन रद्द करून सरकारला कळवणार आहोत. असली नोटीस आली तर घाबरून कॉलेज सोडू नका आणि दुसऱ्या एजंटकडे तर मुळीच धावू नका. कॉलेजकडे अपील करायला २० वर्किंग डेज मिळतात आणि तोपर्यंत ॲडमिशन चालू ठेवावी लागते. भावाने सगळ्या बँक ट्रान्सफरच्या नोंदी, कापलेला फोटो, चॅट, सगळं लावून अपील केलं. ते फेटाळलं असतं तर पुढे ओव्हरसीज स्टुडंट्स ऑम्बड्समन आहे, खासगी कॉलेजविरुद्धच्या तक्रारी तिथे फुकट ऐकतात, पण तिथवर जावं लागलं नाही. कॉलेजने पैसे माफ केले नाहीत, त्यांना मिळालेच नव्हते, पण छोटे हप्ते पाडून दिले. ते आम्ही आता दुसऱ्यांदा भरतोय. तिथे ट्युइशन प्रोटेक्शन सर्व्हिस म्हणून सरकारी योजना आहे ती कॉलेज बंद पडलं किंवा कोर्स दिला नाही तर, एजंटने खाल्लेल्या पैशाला ती लागू नाही, मी सगळं वाचून काढलं.

आणि कॉलेजच्या वेबसाईटवर त्यांच्या अधिकृत एजंटांची यादी होती, कायद्याने ती टाकावीच लागते. त्यात आमच्या माणसाचं नाव नाही. तो दिल्लीतल्या कुठल्या एजंटचा सब-एजंट. कॉलेज खरं, कोर्स खरा, क्रिकॉस रजिस्टरवर, म्हणजे परदेशी विद्यार्थी घेऊ शकणाऱ्या कॉलेज-कोर्सच्या सरकारी यादीत, दोन्ही सापडतात, तेच दाखवून तो विश्वास मिळवायचा. त्या रजिस्टरवर कोर्सची मुदत आणि अंदाजे फी पण असते, कोणालाही फुकट बघता येतं, मोबाईलवर. पैसे द्यायच्या आधी कॉलेजला एक साधा मेल टाका, हा माणूस तुमचा एजंट आहे का, पहिला हप्ता किती आणि तो कुठल्या खात्यात भरायचा. फी थेट कॉलेजच्या खात्यात भरा. व्हिसा नाकारला गेला तर कोर्स सुरू व्हायच्या आधी भरलेल्या फीतून कॉलेजला ५ टक्के किंवा ५०० डॉलर यातलं जे कमी तेवढंच कापता येतं, बाकी परत करावं लागतं, पण परत मिळायला पैसे आधी तिथे पोचलेले तरी हवेत. आणि इमीअकाउंट मुलाच्याच ईमेलवर उघडा, एजंट कितीही ओळखीचा असो, देवळातल्या कमिटीवर असो, चुलत मामाचा मित्र असो.

भाऊ डिप्लोमा पूर्ण करतोय. पुढे ‘डिप्लोमा ऑफ हॉस्पिटॅलिटी मॅनेजमेंट’ घ्यायचा की नवीन व्हिसा काढून कुकरीच करायची हे तो तिथल्या नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला रीतसर फी देऊन विचारणार आहे, अर्जातल्या त्या गेस्ट हाऊसच्या खोट्या उत्तराचं काय करायचं तेही त्यालाच विचारायचं आहे.

इथे आम्ही पोलिसात तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम, पूर्वीचं ४२०. सुरुवातीला पोलीस म्हणाले हा तुमचा पैशाचा व्यवहार आहे, दिवाणी कोर्टात जा. कापलेला फोटो आणि मूळ सीओई शेजारी शेजारी ठेवून दाखवलं तेव्हा तक्रार घेतली. आणखी दोन घरं आमच्याबरोबर आली, एक पेडण्याचं, एक वाळपईचं, दोन्हीकडे हाच कोर्स आणि हीच पद्धत. बाकीचे लाजेने गप्प आहेत, गावात काय म्हणतील म्हणून. कृपा करून गप्प राहू नका. म्हापशात २०२४ मध्ये ‘लीडरशिप अँड मॅनेजमेंट’साठी कॉलेजच्या नाही तर एखाद्या माणसाच्या खात्यात पैसे भरले असतील तर आजच कॉलेजला मेल करून किती पोचले ते लेखी मागवा, बँकेचं स्टेटमेंट काढा, चॅट डिलीट करू नका, आणि म्हापसा पोलीस स्टेशनला जाऊन तुमची वेगळी तक्रार द्या. तपास करणारे साहेब आम्हाला म्हणाले की तक्रारी जितक्या जास्त येतील तितकं त्याचं खातं गोठवणं सोपं जाईल.