मराठी समालोचन: आवाज चालू ठेवावा की बंद?

आयपीएल 2023 मध्ये मोबाइलवर फुकट दिसायला लागली, तेव्हापासून मी मराठी समालोचन लावतो. वर्षानुवर्षं मुंबईतल्या पावसाळी कांगा लीगमध्ये स्कोअरिंग केलंय, त्यामुळे माझ्या अपेक्षा जरा खडूस आहेत.

चेंडू कुठे गेला हे मला सांगू नका, दिसतंय. रेडिओवर बाळ ज. पंडित बोलायचे तेव्हा अख्खं मैदान शब्दांनी उभं करावं लागायचं. टीव्हीवर ते काम कॅमेरा करतो. मग समालोचकाने पैसे घ्यायचे ते कशाचे? तर वानखेडेवर गोलंदाजाला अचानक टाटा एंडवरून गरवारे एंडला का आणलं, फाइन लेगचा क्षेत्ररक्षक वर्तुळात कोणासाठी घेतला, हे चेंडू पडायच्या आत सांगण्याचे. धवल कुलकर्णीसारखा गोलंदाज माइकवर असला की हे मिळतं. मनगट, शिवण, क्रीजचा कोन, असं तो बोलायला लागला की मी चहा बाजूला ठेवतो. 2023 च्याच मोसमात केदार जाधव मराठी समालोचन करता करता बंगळुरूच्या संघात गेला, 1 कोटीला. कालपर्यंत रणजी खेळणारा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात अंदाजपंचे काही नसतं.

बाकीच्यांचं काय? चेंडू हवेत गेला की किंचाळायचं, सीमापार गेला की यमक जुळवायचं. दोन चेंडूंच्या मधे प्रायोजकाचं नाव. ऑस्ट्रेलियाचे समालोचक रिची बेनॉ चित्रात भर घालता येत नसेल तर गप्प बसायचे. इथे गप्प बसणं म्हणजे कामचुकारपणा समजतात बहुतेक.

पैशाचं म्हणाल तर 2023 ते 2027 या पाच मोसमांचे प्रक्षेपण हक्क 48,390 कोटींना गेले. त्यात समालोचकांचं मानधन म्हणजे चिल्लर, तेव्हा ‘एवढे कशाला देता’ हा प्रश्न मला पडत नाही. अमेरिकेत फुटबॉलपटू टॉम ब्रेडीला फॉक्स वाहिनीने समालोचनासाठी दहा वर्षांचे 37.5 कोटी डॉलर देऊ केल्याच्या बातम्या होत्या. आपल्याकडे तेवढं कुणी मागतही नसेल. मला खटकतं ते वेगळंच. समालोचक हर्षा भोगले 2016 च्या आयपीएलमध्ये अचानक दिसेनासे झाले, 2020 मध्ये संजय मांजरेकरांना क्रिकेट मंडळाने समालोचनातून वगळलं. का, ते आपल्यापर्यंत धड कधी पोचलंच नाही. त्यामुळे खेळपट्टी पाटा असली, पंचाचा निर्णय ढळढळीत चुकला, तरी बॉक्समधून गुळमुळीत काहीतरी ऐकू येतं. मानधनातला काही भाग या न बोलण्याचाच असावा, अशी माझी शंका आहे.

पाचपैकी तीन तारे. त्यातले दोन माजी गोलंदाजांचे. पॉवरप्ले, म्हणजे पहिली सहा षटकं, आवाज चालू ठेवून बघा. शेवटच्या चार षटकांत बंद केलात तरी काही अडत नाही, स्कोअर पडद्यावर असतोच.