खडेबाजारामागील कुंद्याचे दुकान: चव उत्तम, दराचा हिशेब सैल

बेळगावात कुंदा, म्हणजे खवा आणि साखरेची मिठाई, गल्लोगल्ली मिळतो; तरीही खडेबाजारामागच्या गल्लीतील हे लहानसे दुकान शेजाऱ्यांपेक्षा चढा दर लावते आणि गिऱ्हाईक तो मुकाट्याने देते. अर्थशास्त्रात ज्याला मक्तेदारीयुक्त स्पर्धा म्हणतात, तिचा हा चविष्ट नमुना आहे: विक्रेते पुष्कळ, पण प्रत्येकाचा माल थोडा निराळा, आणि त्या निराळेपणापुरतीच दर चढवण्याची मुभा.

निराळेपण खरे आहे. येथील कुंदा गडद तपकिरी असून त्याचा दाणा मोकळा असतो, आणि साखर करपू न देता खरपूस केलेली असल्यामुळे गोडी घशाशी येत नाही. सुट्या मिठाईवर ती कोणत्या तारखेपर्यंत खावी हे लिहिण्याचा ऑक्टोबर २०२० पासूनचा नियमही येथे पाळला जातो. परातीपुढच्या पाटीवर खडूने तारीख असते.

तक्रार आहे ती दराची. १ एप्रिल २०२५ पासून कर्नाटकात सहकारी दूध महासंघाचे नंदिनी दूध लिटरमागे ४ रुपयांनी महागले. म्हशीच्या साधारण ४ ते ५ लिटर दुधाचा किलोभर खवा होतो. म्हणजे म्हशीच्या दुधालाही तीच वाढ धरली तरी दुधापोटी वाढलेला खर्च किलोला फार तर २० रुपये, आणि कुंद्यात साखरेचेही वजन असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. दुकानाने वाढवले ४० रुपये. विचारले तेव्हा मालक असलेल्या दोघा भावांपैकी गल्ल्यावरच्या धाकट्याने गॅस, मजुरी आणि भाडे अशी कारणे दिली. पहिली दोन मान्य. भाड्याचे कारण मात्र पटत नाही, कारण जागा त्यांच्या आजोबांपासून घरचीच आहे. ती दुसऱ्याला देऊन जे भाडे मिळाले असते तो संधी खर्च धरावा, असे कोणी म्हणेल, आणि ते रास्तही आहे. परंतु तो खर्च दूध महागण्याआधीही होताच. उरलेली वाढ ही नावलौकिकाची वसुली आहे.

दुकान दोघा भावांच्या भागीदारीत आहे. थोरले भट्टी सांभाळतात. १९३२ च्या भागीदारी कायद्याखाली पेढीचे कर्ज भागीदारांच्या खासगी मालमत्तेवरही येऊ शकते, त्यामुळे कर्ज काढून शाखा उघडण्याचा मोह त्यांनी टाळला असावा. त्याची किंमत आपण मोजतो: सणासुदीला दुपारीच परात रिकामी होते.

वजन मात्र चोख आहे. आधी कागदावर कुंदा तोलतात, मग तो खोक्यात भरतात. खोक्याचे वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारत नाहीत. चोर्ला घाटाने गोव्याला जाणाऱ्यांसाठी पाव किलोची सजवलेली खोकी पुढे मांडलेली असतात, पण किलोच्या हिशेबाने ती बरीच महाग पडतात. तेव्हा सुटाच कुंदा घ्यावा, तोही सकाळी.